चहाच्या खोक्यातली ऊब

आमच्या गावात त्या काळी गॅस म्हटलं की गॅसबत्ती. लोखंडी टाकीतल्या गॅसवर स्वयंपाक होतो असं कुणी सांगितलं असतं, तर आम्ही त्याला आधी बसायला आणि मग पाणी प्यायला दिलं असतं. यवतमाळ जिल्ह्यातलं पुसदकडचं ते गाव. कापसाचा बाजार, सरकी काढायचं एक जिन, एक कोर्ट, आणि त्या कोर्टाच्या पायऱ्यांवर पोट भरणारी काही माणसं. माझे वडील त्यांतले एक वकील.

घरात दोन गॅसबत्त्या होत्या. त्या पेटवण्याचं काम वडिलांनी कधी कुणाला करू दिलं नाही. दिवेलागणीला ओसरीत पाट मांडला जाई, त्यावर बत्ती, शेजारी स्पिरिटची बाटली आणि पिन. वडील आम्हाला मागे सरायला सांगत, मग पंप मारत. जाळी भकभकून पांढरी झाली की ते गल्लीकडे असं बघत, जसा काही उजेड त्यांनी युक्तिवाद करून मिळवला होता. आई मात्र आत चुलीपुढे तिच्या चिमणीवर खूष असे. घराचं असं होतं: पुढचा भाग गॅसवर, मागचा लाकडावर.

साठ सालानंतर आमच्याकडे वीज आली. ती आपणहून आली नाही, वडिलांनी आणली. चार घरांच्या दिव्यांसाठी इतक्या लांबवर तारा ओढायला कुणी तयार नव्हतं. तेव्हा वडिलांनी जिनाच्या शेटला पटवलं की तेलावरचं धुडधुड इंजिन विकून टाका, करंट घ्या, जिल्ह्यात नाव होईल. शेटला नावाची हौस होती. जिनाला वीज आली, जिनामुळे गावाला आली. उद्घाटनाला मांडव पडला, पाहुणे दोन तास उशिरा आले, आणि त्यांनी बटण दाबायच्या आधीच वायरमनच्या घाईमुळे दिवे लागले. मग दिवे विझवून पाहुण्यांना बटण दाबायला लावलं. दुसऱ्या वेळी टाळ्या जास्त पडल्या. वडिलांनी भाषणात सांगितलं की धूर म्हणजे मागासलेपण आणि माझ्या घरात आता धूर दिसणार नाही. आई बायकांत बसली होती. घरात कुणाच्या डोळ्यांत धूर जातो, हे तिला तिथे पहिल्यांदा कळलं असावं.

नंतर माझं लग्न झालं, मी महागावला गेले. यजमान तिथल्या शाळेत शिक्षक. पहिल्या बाळंतपणासाठी थंडी पडता पडता मी माहेरी आले, तेव्हा घर ओळखू येईना. चूल पाडली होती. तिच्या जागी सिमेंटचा ओटा आणि त्यावर विजेच्या दोन शेगड्या, तारांची वेटोळी लाल होणाऱ्या. लाकडांची खोली रिकामी करून तिथे वडिलांची कायद्याची पुस्तकं मांडली होती. दोन्ही गॅसबत्त्या मांडववाल्याने नेल्या होत्या. घरात विजेची इस्त्री होती, पाणी तापवायचा दांडा होता, आणि थंडीच्या दिवसांत उगाच फिरणारा टेबलावरचा पंखा होता. येणाऱ्याजाणाऱ्याला वडील तो लावून दाखवत. पाहुणे शाल घट्ट करत आणि वा वा म्हणत.

आईला मी विचारलं, "तुला बरं पडतं का गं हे?"

"भाकर पापुद्रा नाई धरत," ती म्हणाली. "बाकी डोयाले बरं हाये." आणि थोडं थांबून, "पन सकायी कोनी येत नाई आता."

हे कोणी येणं काय, ते सांगायला हवं. आमची चूल कधी विझत नसे. रात्री आई निखाऱ्यांवर राख ओढून ठेवी आणि पहाटे ती बाजूला सारली की खाली लाल विस्तव असे. अर्धी गल्ली तो न्यायला येई. कुणी खापरात, कुणी गोवरीवर. आमच्याकडे त्याला इस्तो म्हणतात. इस्तो न्यायला आलेली बाई लगेच जात नाही, दोन गोष्टी सांगून जाते. गल्लीत कुणाची गाय व्याली, कुणाची सून रुसली, हे आईला असं कळायचं. आता लोक काडेपेटी घेत, आणि सुना रुसलेल्या कळत नव्हत्या.

रोज येणाऱ्यांत पहिली असायची भिंतीपलीकडची आक्का. ती फुटाणे-मुरमुरे भाजून विकायची. मागच्या अंगणात तिची भट्टी होती, भट्टीवर वाळूची कढई. ती भट्टी वर्षानुवर्षं आमच्या इस्त्यावर पेटली. आणि घर विजेचं झाल्यावर वडिलांनी पहिलं काम केलं ते त्याच भट्टीबद्दल नगरपालिकेत अर्ज देण्याचं: धुरामुळे आमच्या नव्या चुन्याच्या भिंती काळ्या होतात. आक्काला नोटीस आली. तिने भट्टी अंगणाच्या दुसऱ्या टोकाला नेली आणि आमच्या घराशी बोलणं सोडलं. भट्टी हलली तरी वारा हलला नाही. धूर येतच राहिला, फक्त आता त्याच्याबरोबर आक्का येत नव्हती.

मुलगी झाली ती महिनाभर आधी. एवढीशी. तळहातावर डोकं आणि कोपरापर्यंत पाय. रडली ती मांजराच्या पिल्लासारखी, तीही एकदाच. सुईणीने तिला पुसलं, आईकडे दिलं आणि बोटांवर महिने मोजले. आठव्या महिन्याचं मूल टिकत नाही असा आमच्याकडे पक्का समज. तो बोलून दाखवायची गरज नसे. त्या दिवशी भेटायला आलेल्या प्रत्येक बाईने बोटं मोजली. मी पडल्यापडल्या त्यांची बोटं बघत होते.

सरकारी दवाखान्याचे डॉक्टर घरी येऊन गेले. छातीला नळी लावून ते म्हणाले, "हिला दोनच गोष्टी लागतील. दूध थेंबाथेंबाने आणि ऊब सारखी. ऊब तुटली तर माझ्याकडे औषध नाही." नागपूरला अशा मुलांना काचेच्या पेटीत ठेवतात, पण या थंडीत मोटारीने तेवढा प्रवास तिला झेपणार नाही, असंही त्यांनी सांगितलं.

"त्या पेटीत ऊब कशाची असते?" वडिलांनी विचारलं.

"विजेची."

वडिलांचा चेहरा उजळला. खोटं सांगत नाही, त्या घटकेला मला त्यांचा राग आला.

सुईणीला निखाऱ्यांचं घमेलं खाटेखाली हवं होतं, ओवा टाकून, दारं लावून. वडिलांनी निखारे नाकारले आणि विजेची शेगडी खाटेखाली सरकवली. खाट लोखंडी. आईने रोजच्यासारखी जमीन शेणाने सारवलेली, अजून ओली. तिने माझं पांघरूण सारखं करायला खाटेला हात लावला आणि किंचाळून मागे पडली. काही क्षण कुणाला कळेना काय झालं. माझ्या अंगाखाली गादी होती आणि बाळ माझ्या छातीवर होतं, म्हणून आम्ही दोघी बचावलो. वडिलांनी धावत जाऊन बटण बंद केलं. आई भिंतीला टेकून हाताकडे बघत बसली होती.

"मुंग्या आल्या," ती म्हणाली. "लय मोठ्या."

वडील त्या दिवशी जेवले नाहीत. पण माणूस हट्टी. दुसऱ्या दिवशी ते बाजारातून चहाचं रिकामं लाकडी खोकं घेऊन आले. ते धुऊन उन्हात वाळवलं, आतून कांबळं लावलं, मध्ये फळी ठोकून दोन कप्पे केले. एका कप्प्यात दोन मोठे दिवे, दुसऱ्यात बाळ. फळीला भोकं, म्हणजे ऊब येईल पण दिव्याचा चटका बसणार नाही. वरून अर्ध्यावर झाकण. खोकं लाकडी स्टुलावर, खाटेपासून लांब. ताप मोजायची काचेची नळी बाळाजवळ ठेवून ते तासातासाला बघत. उलटतपासणी घ्यावी तसे त्या नळीला ते डोळ्यांसमोर धरत.

आणि ते खोकं चाललं. हे मला कबूल करायलाच हवं. बाळाचा निळसर रंग गेला. पाय कोमट राहू लागले. कापसाच्या वातीने पाजलेलं दूध ती गिळू लागली. आठवडाभरात तिने डोळे उघडून दिव्याच्या भोकांकडे बघितलं. वडिलांचं काय विचारता. कोर्टातली माणसं नात बघायला येऊ लागली. नात म्हणजे खोकं. "विजेवर वाढते आहे," वडील सांगत. एकाने विचारलं, "युनिट किती खाते?" वडिलांना तो विनोद वाटला नाही. सुईण दारातून खोक्याकडे बघे आणि म्हणे, "अंड्यावानी ठेवलं पोरीले." आई दिवसातून दोनदा कळंबच्या चिंतामणीला काहीतरी कबूल करी आणि काय ते कुणाला सांगत नसे.

मला एकाच गोष्टीची धास्ती होती. खोक्यातला उजेड रोज सारखा नसे. कापसाचा हंगाम होता. जिन सुरू झालं की दिवे जरा उतरत, दुपारच्या सुट्टीत पुन्हा चढत. माझी खाट खोक्याच्या समोरच होती. मला दुसरं बघायला काही नव्हतं. भोकांतून पडणारे पिवळे ठिपके पांघरुणावर किती लांब येतात, यावरून मी ऊब ओळखायला शिकले होते. दिवसा थोडं ऊन असे, म्हणून निभत होतं.

मग ते आभाळाचे दिवस आले. ऐन थंडीत आभाळ भरून आलं, सकाळपासून सूर्य नाही, आणि हवेत असा गारठा की भिंती हाताला ओल्या लागत. जिनाच्या आवारात कापसाच्या गंज्या उघड्यावर पडलेल्या. पाऊस यायच्या आत जेवढा काढता येईल तेवढा काढायचा म्हणून शेटने जिन पूर्ण ताकदीने लावलं. शिट्टी झाली आणि पांघरुणावरचे ठिपके मागे सरकले. मी बघत होते. ते सरकत सरकत खोक्याच्या कडेला आले आणि तिथेच विझल्यासारखे झाले. दिव्यांच्या आतली तार नुसती लाल दिसत होती.

"आई," मी म्हटलं, "पाय बघ तिचे."

आईने झाकणाखाली हात घातला. तिचा हात तिथेच थांबला. तिने काही सांगायची वाट न पाहता मी बाळ मागितलं आणि छातीशी धरलं. पण मला आदल्या संध्याकाळपासून ताप होता आणि तेव्हा नेमकी हुडहुडी भरलेली. माझेच दात वाजत होते. अंगावर दोन वाकळा असूनही माझ्या हातापायांत ऊब नव्हती. बाळाचे तळवे माझ्या पोटाला नदीतल्या गोट्यांसारखे लागले. ओठांभोवती निळं दिसू लागलं. ती रडत नव्हती, हे सगळ्यांत वाईट होतं.

आईने ओट्यावरच्या शेगडीवर पाणी ठेवलं. तार काळीच. पाणी तापवायच्या दांड्याने बादलीत बुडबुडासुद्धा धरला नाही. घरात काडेपेटी होती, पण जाळायला काडी नव्हती. लाकडाच्या खोलीत फक्त कायद्याची पुस्तकं होती. आईने त्या खोलीच्या दारात उभं राहून पुस्तकांकडे एकदा बघितलं. मी तिची मुलगी. त्या नजरेचा अर्थ मला कळला.

वडील छत्री घेऊन निघाले. "थोडा वेळ जिन थांबवायला सांगतो," ते म्हणाले. "शेट माझं ऐकेल."

ते गेले आणि पावसाची भुरभुर सुरू झाली. आणि मला वास आला. लाकूड पेटल्याचा ओलसर धूर, खिडकीच्या फटीतून. पावसाळी हवेत गरम फुटाणे चांगले खपतात. आक्काने भट्टी लावली होती.

आईलाही वास आला. गल्लीतल्या बाकीच्या चुली सकाळचा स्वयंपाक उरकून विझल्या होत्या. ती मागच्या अंगणात गेली. माझ्या खोलीची खिडकी त्याच अंगणावर, म्हणून भिंतीच्या दोन्ही बाजूंचं मला ऐकू येत होतं.

"आक्का!"

कढईत झारा फिरल्याचा आवाज.

"आक्का, अवो आक्का!"

"कोन हाये?"

"मी हाओ."

"मी तं गावात हजार हायेत."

"वकिलाची बायको." आईचा आवाज जरा चढला. "इस्तो पायजे होता."

झारा थांबला. "काय पायजे?"

"इस्तो."

"तुमाले? कायले वो? तुमच्या घरी तं बटन दाबलं का इस्तो येते म्हने."

"करंट उतरला, आक्का. लेकरू थंड पडून राह्यलं."

"कोनतं लेकरू?"

"माह्या पोरीचं. खोक्यातलं."

पलीकडे भट्टीत एक लाकूड सारल्याचा आवाज आला. मला वाटलं आता देईल. मी बाळाच्या पाठीवरून हात फिरवत होते.

"माह्या भट्टीचा धूर ज्याच्या डोयात गेलता, त्याले धाडा," आक्का म्हणाली. "त्याच्या हाती देतो."

"ते जिनात गेले."

"मंग येऊ द्या."

"आक्का, लेकरू थांबते का कोनासाठी?"

"मले का शिकवता? लाकडं ओली हायेत, आत्ताच धरली भट्टी. इस्तो पडाले टाइम लागते. तवरोक येतीन ते."

हे खरं होतं की सबब, ते मला आजही ठरवता येत नाही. आई आत आली. तिने स्वतःच्या तळहातांवर फुंकर घातली, ते एकमेकांवर जोराने घासले आणि बाळाचे पाय मुठीत धरले. पुन्हा घासले, पुन्हा धरले. दोघी तेवढंच करत राहिलो. अधूनमधून मी बाळाच्या नाकाजवळ गाल नेत होते. श्वास येत होता. मग बराच वेळ गेल्यासारखं वाटे, आणि पुन्हा येई. जिन चालूच होतं. त्याची घरघर एरवी कानांना ऐकूसुद्धा येत नसे. त्या दिवशी ती माझ्या खाटेच्या पायांतून अंगात चढत होती.

वडील परत आले ते खाली बघत. जिनात काय झालं ते त्यांनी पुढे कित्येक वर्षांनी सांगितलं. शेट यवतमाळला गेलेला. मुनीम हात जोडून म्हणाला, "वकीलसाहेब, तुमीच तं शेटले सांगतलं होतं का इंजन इकून टाका. इंजन असतं तं करंट तुमाले सोडला असता." कापूस भिजला तर नोकरी जाईल, असंही तो म्हणाला, आणि त्याचं काही चूक नव्हतं. वडील आयुष्यभर दुसऱ्यांना त्यांच्याच जबानीत अडकवत आले होते. त्यांनी छत्री उघडली आणि घराची वाट धरली.

पण त्या वेळी ते एवढंच म्हणाले, "थांबवत नाहीत."

"तुमाले आक्कानं बोलावलं," आई म्हणाली.

"मला?"

"तुमालेच. इस्त्यासाठी."

वडील खाटेजवळ आले. माझ्या वाकळेची कड उचलून त्यांनी बाळाकडे बघितलं. तिच्या ओठांकडे. मला त्यांना सांगायचं होतं की जा, लवकर जा, भाषण नको. पण माझ्या जबड्यातून शब्द नीट बाहेर पडेना. त्यांनी कड हलकेच खाली ठेवली, कोपऱ्यात गवंड्याचं सिमेंट लागलेलं एक घमेलं पडलं होतं ते उचललं, आणि कोर्टाचा काळा कोट अंगावर तसाच ठेवून बाहेर पडले.

भिंतीपलीकडे त्यांच्या वहाणांचा आवाज आला आणि थांबला.

"आक्का, विस्तव द्या." त्यांचा आवाज एवढा साधा मी कधी ऐकला नव्हता.

"नोटीस आनली का?"

"नाही."

"मंग काय आनलं?"

"घमेलं."

माझ्या छातीवर बाळाने एकदा तोंड उघडलं आणि मिटलं. मग आक्काचा आवाज आला, पण आता तो घाईचा होता.

"असं नका धरू. कडेनं धरा. धोतर सांभाया. तुमाले चटका बसला तं मले जेलात जाव लागीन."

ते आले ते दृश्य आईने मला सांगितलं, कारण दाराशी ती होती. पाऊस आता सरळ पडत होता. वडिलांनी छत्री घमेल्यावर धरली होती आणि स्वतः पूर्ण भिजलेले. कोटावरून पाणी निथळत होतं. गल्लीतल्या ओट्यांवर माणसं उभी राहून बघत होती. वडील गल्लीत नेहमी दोन्ही बाजूंना मान हलवत चालायचे. त्या दिवशी त्यांची नजर निखाऱ्यांवरून हलली नाही. आणि मागून आक्का, डोक्यावर पोतं घेतलेली, हातात गरम वाळूची छोटी कढई. "एकट्याच्या हाती दिलं तं रस्त्यात इझवते," ती गल्लीला ऐकू जाईल अशी म्हणाली.

आत आल्यावर सगळे एकदम बोलू लागले. घमेलं खाटेखाली ठेवायचं आणि दार लावून घ्यायचं, असं आक्काचं म्हणणं. मी कसंबसं सांगितलं की नाही, कोंडलेल्या खोलीत कोळशाने माणसं झोपेत गेल्याचं मी वाचलं आहे. घमेलं दारात ठेवा आणि खिडकीची फट उघडी राहू द्या. धुराच्या विरोधात वडिलांना घरातून पहिल्यांदाच पाठिंबा मिळत होता, पण त्यांनी तो वापरला नाही. ते आईच्या जुन्या लुगड्याचे तुकडे फाडत होते. आक्काने त्यांत वाळू भरून पोटली बांधली आणि खोक्यात ठेवायला पुढे केली. वडिलांनी ती मध्येच हिसकावली. बरोबरच केलं, कापड तपकिरी होऊन जळका वास सुटला होता.

"फुटाना हाये का ती?" आई आक्कावर ओरडली.

"मंग तुमीच भरा!" आक्का म्हणाली, आणि वाळू परातीत पसरून दोन्ही हातांनी वर-खाली करू लागली. फार निवली. मग वडिलांनी तीत थोडी गरम वाळू मिसळली, मनगटावर धरली, नको म्हणाले, पुन्हा थोडी मिसळली. अखेर चार पोटल्या झाल्या. कांबळ्याच्या आत दोन बाजूंना दोन, पायांशी एक, आणि एक माझ्या पोटाशी. आईने बाळ माझ्याकडून घेतलं आणि खोक्यात ठेवलं. दिव्यांच्या तारा अजून लालसर होत्या. तेवढ्या उजेडात तिचा रंग कळत नव्हता.

वडिलांनी पोटल्या फार तापताहेत का बघायला हात आत ठेवला. आक्का दारात निखाऱ्यांवर वाळूची कढई ठेवून सुपाने वारा घालत बसली. आई उभीच. माझ्याकडून खोक्याचा आतला भाग दिसत नव्हता, फक्त वडिलांची पाठ दिसत होती, ओला कोट आणि मानेवर चिकटलेले केस. मी त्या पाठीकडे बघत होते आणि तिच्यावरून काही वाचता येतं का ते शोधत होते. ती हलत नव्हती.

"काय आहे?" मी विचारलं.

"थांब."

"बाबा, काय आहे?"

"थांब म्हटलं ना."

आक्काने सूप थांबवलं. पागोळ्यांचा आवाज येत होता, त्याच्यामागे जिनाचा. आईने पदर तोंडाशी नेला.

मग वडिलांची पाठ एकदम ताठ झाली. त्यांनी मान वळवून आमच्याकडे बघितलं. मी त्यांना कोर्टात साक्षीदारासमोर उभं राहिलेलं बघितलं होतं, मांडवात भाषण करताना बघितलं होतं; असे कधी बघितले नव्हते.

"गरम आहे," ते म्हणाले.

"पोटली?" आईने विचारलं.

"पोटली नाही. हिने..." ते अडखळले. "माझ्या हातावर शू केली तिने."

आक्का इतक्या मोठ्याने हसली की सूप तिच्या हातातून निखाऱ्यांवर पडता पडता राहिलं. "घ्या, वकीलसाहेब!" ती म्हणाली. "लागला निकाल!" आणि त्या हसण्याने दचकून खोक्यातून आवाज आला. आधी चिरका, मग जरा थांबून दुसरा, चांगला लांब, रागावलेला. आई मटकन खाली बसली. मला हुडहुडीतच रडू आलं, आणि दोन्ही एकत्र झाल्यामुळे खाट खडखडू लागली.

"पुसा ना हात," आई खालूनच म्हणाली.

वडिलांनी ऐकलं की नाही कोण जाणे. बाळ ओरडत होतं, आणि हात त्यांनी बाहेर काढला नाही.